फुफीची झोप

परिषदेत असो की विद्यापीठाच्या मुलाखतीत, कुणी ना कुणी विचारतंच, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? विषय म्हणजे नमाज, जिक्र, रोजे ही सगळी मुसलमानांची साधना आणि माणसाच्या मनाचं आरोग्य यांचं एकमेकांशी नातं काय, हा. मानसशास्त्राच्या विभागात मला धार्मिक समजतात आणि आमच्या मोहल्ल्यात काही लोकांना वाटतं की मी इबादतीचं टॉनिक करून विकते. दोन्हीकडच्या शंका अंगावर घेत मी इतकी वर्षं शिकवलं, लिहिलं, आणि या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तरही तयार ठेवलं. ते खोटं नाही, पण ते खुर्चीवर बसून द्यायचं उत्तर आहे. खरं उत्तर सांगायला वेळ लागतो आणि तोवर परिषदेत चहा आलेला असतो. इथे मला चहासाठी कुणी उठवणार नाही, म्हणून सांगते.

आमचं घर येरवड्यात. पुढे एक खोली, मागे एक, मग स्वयंपाकघर आणि अम्मीचं शिवणयंत्र ठेवायला काढलेला एक चिंचोळा कोपरा. अब्बा सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची नजर अशी झाली होती की लग्नाची पत्रिका हातात आली की ते आधी ऱ्हस्वदीर्घ बघायचे आणि मग कुणाचं लग्न आहे ते. अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे ब्लाउज आणि कुर्ते शिवायची आणि बोलताना दोरा तोडावा तशी वाक्यं तोडायची. माझा थोरला भाऊ असलम कॉम्प्युटरचा कोर्स करून नगर रोडवरच्या एका नव्या कंपनीत लागला होता. तिथून तो अमेरिकेतल्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुधरवायचा, त्यामुळे त्याची रात्र म्हणजे दिवस आणि दिवस म्हणजे रात्र. पहाटे कधी तरी कंपनीची सुमो त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडायची. दुपारपर्यंत तो डोक्यावरून चादर घेऊन पडलेला असायचा आणि आम्ही सगळे कुजबुजत जेवायचो.

याच घरात फुफी आली. फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. वाघोलीला रस्त्याला लागून तिच्या सासरचं घर होतं, मागे थोडी जमीन, दोन शेळ्या, शेवग्याचं झाड. फुफा गेले आणि वर्षभरात दिरांनी सगळी जागा बिल्डरला दिली. कुणी तिला फसवलं नाही, भांडण झालं नाही. दीर तर आपल्याकडे राहा म्हणत होते. फक्त घर राहिलं नाही. अब्बा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. तिला मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिची गादी पडली आणि चार दिवसांत ती अशी रुळली की जणू आधीपासून आमच्यातच होती. घरात आम्ही दखनी बोलायचो, फुफीही बोलायची. पण मनातलं काही सांगायचं झालं की ती गावाकडच्या मराठीत शिरायची, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी, सगळी भांडणं आणि सगळं रडणं त्या भाषेत झालं होतं.

फुफीचं गावात एक नाव होतं. ती इस्तिखारा करायची. इस्तिखारा म्हणजे एखाद्या बाबतीत काय करावं ते कळेना झालं की अल्लाहकडे सल्ला मागणं. रात्रीच्या नमाजीनंतर दोन रकात, म्हणजे नमाजीची दोन आवर्तनं, जास्तीच्या पढायच्या, दुआ मागायची, कुणाशी न बोलता वजूनिशी, म्हणजे नमाजीसाठी हातपाय-तोंड धुतलेलं तसंच, झोपायचं. आमच्या बायकांची समजूत अशी की स्वप्नात हिरवं किंवा पांढरं दिसलं तर होकार, काळं किंवा लाल दिसलं तर नकार. खरं तर हे ज्याचं त्यानं करायचं. पण आपल्याला कुठलं स्वप्न पडायला, आपण पडलो पापी, असं म्हणत बायका एखाद्या नेकबाईला गाठतात आणि तिच्या झोपेवर आपला भार टाकतात. वाघोलीत फुफीला म्हैस विकावी का, मुलाला सौदीला पाठवावं का, असले प्रश्न यायचे. येरवड्यात महिन्याभरात बातमी पसरली आणि प्रश्नांचं रूपच बदललं. कारखान्यातून व्हीआरएस घ्यावी की थांबावं. पोराला जावा शिकवावं की ओरॅकल. कोंढव्यात फ्लॅट बुक करावा की नाही. फुफीला जावा म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती दुआत तो शब्द नीट उच्चारून घ्यायची. शेजारच्या शिंदेकाकूही एकदा पदर खोचत आल्या आणि म्हणाल्या, आमच्यासाठीही बघा हो, चालत असेल तर. फुफीनं त्यांच्यासाठीही बघितलं.

ज्या रात्री इस्तिखारा असेल त्या रात्री आमच्याकडे टीव्ही बंद. अम्मीची मालिका बुडायची, पण ती चकार शब्द काढायची नाही. सकाळी बायका दारात उभ्या राहायच्या, फुफी चुलीवरच्या दुधाकडे बघत शांतपणे रंग सांगायची, आणि त्या रंगावर माणसं नोकऱ्या सोडायची. तेव्हा मी कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते, शेवटच्या वर्षाला. स्वप्नांवरचं प्रकरण मी इतक्यांदा वाचलं होतं की पुस्तक तिथेच उघडायचं. फुफीच्या मागे मी सारखी लागायचे. रंग आधी दिसतो की वस्तू? आपण झोपेत आहोत हे कळतं का? फुफी म्हणायची, तू परीक्षेचा अभ्यास कर. मला वाटायचं, ती काही पवित्र गुपित राखून आहे. तिच्याबद्दल मला आदर होता आणि आदरापेक्षा जास्त कुतूहल.

मग माझाच प्रश्न आला. एमएला मला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात एक स्थळ आलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेला निघालेला, जाण्याआधी लग्न उरकायचं त्यांच्या मनात. मुलाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. दिसायला बरा, बोलायला मऊ, चहाचा कप स्वतः उचलून आत ठेवणारा. त्यानं मला विचारलं होतं की तिकडे जाऊन शिकाल का, आणि मी हो म्हटलं होतं. पण तिकडे शिकणं म्हणजे नेमकं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. अम्मीला स्थळ हवं होतं. अब्बांना माझं शिक्षणही हवं होतं आणि स्थळही सोडवत नव्हतं. मुद्रितातली चूक त्यांना लांबून दिसायची, पण इथे दोन्ही मजकूर बरोबर होते. शेवटी त्यांनी आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवून बहिणीच्या उशाशी ठेवलं. फुफीनं इस्तिखारा करायचा आणि जे येईल ते सगळ्यांनी मानायचं. मीही हो म्हटलं. बघू तर काय होतं, असल्या हलकेपणानं नाही. मला खरंच वाटत होतं की फुफीला दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफीनं सांगितलं, हिरवं दिसलं. अम्मीनं मला जवळ घेतलं. मुलाकडे होकार गेला, पेढे वाटले गेले. मोहरम तोंडावर होता आणि त्या महिन्यात आमच्याकडे आनंदाचं काही करत नाहीत, म्हणून मंगनी, म्हणजे साखरपुडा, पुढच्या महिन्यावर ठेवली. प्रवेशाचे पैसे भरायची मुदतही तोवर संपणार होती. मी कुणाशी भांडले नाही. मात्र विद्यापीठाच्या बसकडे बघवेना झालं, इतकं आठवतं.

मोहरममध्ये फुफी चोंगे करायची. गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेली कणीक, वर खसखस, बोटांनी उमटवलेली नक्षी, आणि मंद तव्यावर सावकाश भाजणं. घरभर गुळाचा करपट गोड वास. त्या रविवारी असलम दुपारी उठून जेवायला बसला होता आणि गरम चोंगा हातात खेळवत मजेत सांगत होता की मी कधीही येऊ दे, दोनला, चारला, पाचला, कडीला हात लावायच्या आत फुफी दार उघडते. इतकी माया तर अम्मीनंही कधी केली नाही. अम्मी म्हणाली, मला सकाळी यंत्रावर बसायचं असतं. सगळे हसले. मी हसता हसता थांबले. दोनला, चारला, पाचला. मी फुफीकडे पाहिलं तर ती तव्याकडे पाहत होती आणि चोंगा एका बाजूनं जळत होता.

जेवणं झाल्यावर असलम परत आडवा झाला, अम्मी यंत्राकडे गेली. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि फुफीला विचारलं की तू झोपतेस कधी. आधी ती म्हणाली, झोपते की. मग म्हणाली, या वयात कुठली झोप. मी हलले नाही. तिनं तवा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि गावाकडच्या बोलीत म्हणाली, "घर पाडलं तवापासनं न्हाई झोपले बाय. डोळा लागतो न लागतो तोच उघाडतो."

मग ते हिरवं कुठून आलं, हे मला विचारावं लागलं. फुफीनं जे सांगितलं ते आजही मी वर्गात सांगू शकत नाही, कारण मुलं हसतील, आणि हसण्यासारखं आहेच. आमच्या खिडकीसमोर, ओढ्यापलीकडे, काचेची एक नवी इमारत झाली होती. तिच्या माथ्यावर कंपनीच्या नावाची मोठाली हिरवी अक्षरं रात्रभर पेटलेली असत. फुफी त्या रात्री नमाज पढून, दुआ मागून, उजव्या कुशीवर पडली होती. झोप आली नाही. पहाटेपर्यंत ती तशीच पडून म्हणत राहिली, या अल्लाह, पोरीसाठी काही तरी दाखव. डोळ्यांसमोर सारखी ती हिरवी पाटी.

"मी खोटं न्हाई बोलले," फुफी म्हणाली. "दिसलं हिरवंच. फकस्त डोळं उघडं व्हतं."

बाकीच्या बायकांना काय सांगत होतीस, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं की मनाला जे बरं वाटेल ते सांगत होते, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की अल्लाहनं माझ्याकडे पाठ फिरवली आहे म्हणून तो मला झोप देत नाही. कुणाला सांगावं तर भावाच्या घरात तिचा तेवढाच उपयोग. ज्या बाईला झोप येत नाही तिच्याकडे कोण येणार, आणि कुणी येणार नसेल तर भावजयीनं फुकटची एक गादी किती दिवस सांभाळायची. कुणाला सांगू नकोस, असं म्हणून तिनं माझे गुळानं चिकट झालेले हात घट्ट धरले.

मी सांगितलं असतं तर माझी मंगनी थांबली असती आणि फुफी उघडी पडली असती. गप्प बसले असते तर एका कंपनीच्या पाटीवर माझं लग्न लागलं असतं. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात दीक्षितबाईंना गाठलं. त्या आमच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, त्यांनी कुणाचं कौतुक केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे झोप येत नाही आत्याबाईंना आणि लग्न होतंय तुमचं. छान." मग एका डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला आणि बजावलं की आधी आजारी माणसाला बघा, लग्नाचं नंतर. मला तोवर फुफी आजारी आहे हे सुचलंच नव्हतं. मी स्वप्नांच्या मागे लागले होते.

चष्म्याचा नंबर काढायला जातो, असं घरी सांगून आम्ही रिक्षानं गेलो. डॉक्टरबाई मनाच्या डॉक्टर आहेत हे मी फुफीला वाटेत सांगितलं. ती बाहेर बघत म्हणाली, तुरुंगाच्या शेजारी राहतो तेवढं पुरं नव्हतं का. पण आत गेल्यावर ती बोलली. शेळ्यांबद्दल, शेवग्याबद्दल, जेसीबीनं भिंत पाडताना आतल्या रंगाचे थर कसे दिसले त्याबद्दल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं, परत यायला सांगितलं. फुफीनं गोळीचं पाकीट हातात उलटसुलट केलं आणि विचारलं, "ही घेऊन झोपले आन सपान पडलं, तर ते सपान कुणाचं मानायचं? अल्लाचं का गोळीचं?"

मी शरमेनं खाली बघितलं. डॉक्टरबाई मात्र पेन ठेवून विचारात पडल्या. शेवटी त्या म्हणाल्या की मला ठाऊक नाही. तुमच्या मौलवींना विचारा आणि ते काय म्हणतात ते मलाही कळवा. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो प्रश्न त्या खोलीतून माझ्याबरोबर बाहेर आला तो कायमचा. पुढे मी त्याला संशोधनाचे कितीतरी कपडे चढवले, तक्ते जोडले, संदर्भ दिले. आत तो फुफीचाच राहिला.

आमच्या मशिदीचे इमामसाहेब उत्तरेकडचे, शांत माणूस. त्यांनी दारात उभ्या उभ्या सगळं ऐकलं. स्वप्न पडायलाच हवं असं कुठेच नाही, ते म्हणाले. दुआ मागावी, मग मन जिकडे वळेल तिकडे चालू लागावं, आणि ज्याचं काम त्यानंच मागावं हे उत्तम. झोप अल्लाहची देणगी आणि दवाही त्याचीच, बाईंनी गोळी बेलाशक घ्यावी. गोळीच्या स्वप्नाबद्दल मात्र त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि मोठ्या उलेमांना विचारून सांगतो म्हणाले. त्यांनी खरंच विचारलं की नाही कोण जाणे. परतताना फुफी एकदम हलकी चालत होती आणि कोपऱ्यावर थांबून म्हणाली की आता सलीमला मीच सांगते. सलीम म्हणजे अब्बा. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. ती थांबली नाही.

अब्बा असरची, दुपार कलल्यावरची नमाज पढून वर्तमानपत्र घेऊन बसले होते. अम्मी यंत्रावर. फुफी त्यांच्यासमोर खाली बसली आणि पाटीसकट सगळं सांगून टाकलं. अम्मीचं यंत्र थांबलं आणि ती म्हणाली, मग आम्ही पेढे कशाचे वाटले? फुफी म्हणाली की मी दिराकडे जाते, उद्याच, तुमच्या पोरीच्या बाबतीत मी असं करायला नको होतं. अब्बांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. लग्नाबद्दल ते काही विचारतील असं मला वाटलं होतं.

"घर पाडलं त्याला वर्ष होत आलं, आपा," ते म्हणाले. "वर्षभर तू माझ्या घरात जागी आहेस?"

फुफीनं मान हलवली. अब्बांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते तोंड झाकून, मोठ्यानं रडले, आणि फुफी उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, जणू जागरण त्यांना झालं होतं. अम्मीनं यंत्रावरचं कापड बाजूला सारलं आणि आत जाऊन चहा टाकला. चहा घेताना अब्बा मला म्हणाले की तुझं तू माग, मला आता मधे कुणी नको. आणि फुफीला म्हणाले की आज गोळी घ्यायची, माझ्यासमोर.

त्या रात्री फुफीनं गोळी घेतली आणि मी दोन रकात पढून झोपले. मला भीती वाटत होती. आजवर या गोष्टीबद्दल मी नुसती चौकशी करत आले होते, मागितलं कधीच काही नव्हतं. सकाळी जाग आली तेव्हा मला काहीही आठवत नव्हतं, कुठला रंग नाही, कुणाचा चेहरा नाही. मात्र उठून चूळ भरेपर्यंत माझं मन विद्यापीठाच्या फाटकातून आत जाऊन आलं होतं. तो कौल होता की माझी आधीचीच इच्छा, याचा छडा मला अजून लागलेला नाही. माझ्या विषयातल्या लोकांना विचारलं तर ते इच्छा म्हणतात, इमामसाहेब म्हणाले असते की इच्छा तरी कुणी घातली. मी दोघांचं ऐकून घेते.

फजरची, पहाटेच्या नमाजीची अजान होऊन गेली होती. अब्बा नमाज पढून पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते आणि आत फुफी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर. अम्मी तिला उठवायला निघाली, कारण आमच्याकडे फजर चुकवणं म्हणजे काय हे सांगायला नको. लहानपणी तापात असले तरी अब्बांनी मला कधी सोडलं नव्हतं. त्यांनी अम्मीला हातानं अडवलं. राहू दे, म्हणाले, कजा पढेल, चुकलेली नमाज मागाहून पढता येते. मग मला जवळ बोलावून खालच्या आवाजात विचारलं की काय वाटतं. मी म्हटलं, दिसलं काहीच नाही अब्बा, पण मला शिकायचं आहे. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, उठून टोपी घातली आणि मुलाकडच्यांना सांगायला स्वतः गेले.

उन्हं खिडकीतून फुफीच्या पायांवर आली, दूधवाला येऊन गेला, शिंदेकाकू दारात डोकावून आल्या पावली परतल्या. सगळं घर बोटांवर चालत होतं. फुफी उठली तेव्हा ऊन तिच्या कमरेपर्यंत चढलं होतं. ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली आणि मी धावत जाऊन तिच्या गादीशी बसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, फुफी, काही दिसलं?

तिनं डोळे चोळले, आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं.

"काय बी न्हाई गं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा हसू लागला. "नुसती झोपले."